करंगळीचा आवाज

१

इथे आखातात, माबेलात, दुपारी एक वाजला की आमच्या ओळीतली सगळी दुकानं शटर ओढून घेतात. आधी चहावाला, मग हुसैनमियाँची लाँड्री, मग आमचं टायपिंगचं दुकान. चार वाजेपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. जूनमध्ये तर शटरला हात लावला तरी चटका बसतो.

आमच्या दुकानात लोक कागद घेऊन येतात. कुणाला रजेचा अर्ज हवा असतो, कुणाला बायकोच्या व्हिसाचा फॉर्म, कुणाला कंपनीच्या साहेबाला लिहायचं पत्र. ते बेसिल अंकलसमोर बसून आपलं म्हणणं सांगतात आणि अंकल त्यांच्या तोंडाकडे बघत टाइप करतात. कीबोर्डकडे बघतच नाहीत. अंकल वसईचे, सव्वीस वर्षं झाली त्यांना इथे. मी झेरॉक्स काढायचो, फायली लावायचो, लादी पुसायचो.

मला अंकलची खुर्ची हवी होती.

मी आठवीत शाळा सोडली. घरची अडचण नव्हती. सरांनी उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाज बसायचा आणि वर्ग हसायचा. एक दिवस मी गेलोच नाही. तेव्हापासून गुहागरला आमच्या वाडीत मला कुणी काही विचारत नाही. रस्ता विचारायचा असला तरी दुसऱ्याला विचारतात. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला मात्र दिवसभर लोक विचारतात. वयाने मोठी माणसंसुद्धा.

मे महिन्यात अंकलनी कायमचं घरी जायचं ठरवलं. आमचे मालक, म्हणजे अर्बाब, नबील यांनी मला बोलावलं. ते आम्हा सगळ्यांशी हिंदीतच बोलतात.

"बेसिल जाएगा, कुर्सी खाली. तुम सीखा, तो तुम बैठो. नहीं सीखा, तो दूसरा आदमी आएगा, तुम्हारा वीजा इधर खलास." त्यांनी कॅलेंडरवर तीस जूनवर बोट ठेवलं.

"सीखेगा, अर्बाब," अंकल म्हणाले. "मैं इसको अंधेरे में सिखाएगा. आप टेस्ट भी अंधेरे में लो."

परीक्षा पंचवीस तारखेच्या गुरुवारी ठरली. नबील वाचणार, मी टाइप करणार.

२

अंकल ज्या क्लासमध्ये शिकले तिथे मशीनवर लाकडी पेटी ठेवायचे. पेटीच्या भोकांतून हात आत घालायचे, म्हणजे अक्षरं दिसत नाहीत. आमच्याकडे पेटी नव्हती. पण दुपारी शटर पाडून दिवे बंद केले की दुकानात स्वतःचा हात दिसत नाही.

"डोळ्याला कळलं की बोट आळशी होतं," ते म्हणाले. "चल, हात दे."

त्यांची एक खास रीत होती. आधी त्यांनी आपले हात कीबोर्डवर ठेवले आणि माझी बोटं त्यांच्या बोटांवर ठेवायला लावली. मग हळूहळू ए, एस, डी, एफ. त्यांचं बोट खाली गेलं की माझं बोट त्याच्यासोबत खाली जायचं. पहिले चार दिवस मी एकही बटण स्वतः दाबलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी आपले हात काढून घेतले.

त्यानंतर अंकल दुपारी जेवून खोलीवर झोपायला जाऊ लागले आणि मी दुकानात एकटा थांबू लागलो. एसी मंद ठेवायचा. मॉनिटर बंद करायचा. त्याचा बारीक दिवासुद्धा नको म्हणून अंकलनी त्यावर काळी टेप लावली होती. एफ आणि जेवरचे उंचवटे चाचपायचे आणि रजेचा ठरलेला अर्ज पाठ टाइप करायचा. संपला की मॉनिटर लावून चुका मोजायच्या.

पहिल्या आठवड्यात एकोणतीस चुका होत्या. मग एकवीस. मग चौदा.

चौदा चुका निघाल्या त्या दुपारी अर्ज संपवून मी हात मांडीवर घेतले, आणि त्यानंतर एक बटण वाजलं.

अगदी हलकं. करंगळीने दाबल्यासारखं.

मी मॉनिटर लावला. अर्जाच्या खाली, एक ओळ सोडून, 'ए' होता.

३

अंकलना सांगितलं तर ते हसले. "तुझ्या करंगळीत जोर नाही रे. ती खालीच राहते. बटण उशिरा वर येतं."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कीबोर्ड उलटा करून झटकला. ब्रशने साफ केला. बडीशेप निघाली, स्टेपलरच्या पिना निघाल्या, अंकलचे पांढरे केस निघाले. ए सुटा होता, अडकत नव्हता.

दुपारी अर्ज संपल्यावर मी दोन्ही हात वर धरले. शाळेत शिक्षा म्हणून धरायचो तसे. एसीची घरघर होती. पलीकडे लाँड्रीत हुसैनमियाँ खोकले. मग दोन बटणं वाजली, एक हलकं आणि एक त्याहून थोडं घट्ट.

स्क्रीनवर 'ए' आणि 'एस' होते.

रोज थोडं वाढत गेलं. चौथ्या दिवशी ए, एस, डी, एफ पूर्ण झालं. पाचव्या दिवशी एफच्या जागी जी आला होता आणि लगेच तो खोडल्याचा आवाजही आला. ती चूक मी ओळखली. पहिल्या आठवड्यात माझंही बोट तसंच घसरायचं.

कॉम्प्युटर जुना आहे, आधी दाबलेलं नंतर उमटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मग आवाज कशाचा? आवाज उशिरा येत नाही.

शनिवारी मी कीबोर्डची वायर काढली. टोक हातात धरून स्टुलावर बसलो, खुर्चीपासून लांब. दिवा बंद केला. बराच वेळ काही नाही. मग सुरू झालं. ए, एस, डी, एफ. थांबून पुन्हा ए, एस, डी, एफ. ते ओळखायला मला स्क्रीनची गरज नव्हती. करंगळीचा आवाज कच्चा असतो, पहिल्या बोटाचा पक्का. कुणीतरी धडा पहिला गिरवत होतं. चुकलं की थांबत होतं आणि पहिल्यापासून सुरू करत होतं. घाई नव्हती. माझ्याकडे लक्ष नव्हतं.

मी पळालो नाही, याचं आता मला नवल वाटतं. खरं सांगायचं तर मला थोडी दया आली. मला वाटलं, यालाही कुणीतरी वर्गात हसलं असेल.

४

त्या रात्री यशश्रीचा फोन आला. माझी धाकटी बहीण, बारावीला आहे. ती मला इंग्रजी शब्द वाचून दाखवते आणि मी त्यांची स्पेलिंगं सांगतो.

"दादा, तू ऑफिसात बसणार हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय," ती म्हणाली.

"अजून काही पक्कं नाही गं."

"मग कर ना पक्कं. नानाकाका म्हणतात, केयूर काय बसणार, तो पोस्टमनला बघून आत पळायचा. मी म्हटलं, बघाच तुम्ही."

मी तिला दुपारचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, परत ये. आणि मी परत गेलो असतो. मला आत पळायला एक कारण लागतं, ते मिळालं असतं.

म्हणून रविवारी दुपारी मी पुन्हा खुर्चीवर बसलो. वायर लावली, मॉनिटर बंद केला, दिवा बंद केला. एफ, जे. अर्जाची पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझ्या हातांच्या पाठीवर काहीतरी येऊन टेकलं.

वजन असं नव्हतं. ओल्या रुमालाचं असतं तेवढंच. मग ते बोटांवर पसरलं, एकेका बोटावर एकेक, आणि माझं बोट खाली गेलं की तेही सोबत खाली जायला लागलं.

अंकलनी मला शिकवलं होतं, अगदी तसं.

मी हात काढू शकलो असतो. कुणी धरून ठेवलं नव्हतं. पण मी हळूहळू, स्पष्ट, एकेक अक्षर दाबत अर्ज शेवटपर्यंत नेला. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता कुणीतरी माझ्याकडून शिकत होतं. मान ताठ झाली माझी. पाठीवरून घामाची धार उतरत होती, तरी मान ताठ होती.

मॉनिटर लावला. अर्जात एकही चूक नव्हती.

५

सोमवारी सकाळी लादी पुसून झाल्यावर अंकलनी मला एक पत्ता टाइप करायला दिला. दिवे चालू, गिऱ्हाईक समोर. खुदेजा नावाच्या बाई होत्या, शाळेत मुलाचं नाव बदलायचं पत्र हवं होतं त्यांना. मी बोटं ठेवली आणि मला डी सापडेना.

विसरलो असं नव्हतं. विसरलेलं आठवायला निदान जागा असते. इथे बोटाखाली जागाच नव्हती. मी मान खाली घालून कीबोर्डवर डी शोधला आणि एका बोटाने दाबला. मग ए. मग एस. तेही शोधावे लागले.

"काय रे, रात्री झोपला नाहीस का?" अंकल म्हणाले.

खुदेजाबाई म्हणाल्या, "रहने दो भाई, डरता है बच्चा."

मंगळवारी मधली ओळ पूर्ण गेली. माझ्या बोटांवर टेकून ते दुपारी जे शिकायचं, ते सकाळी माझ्याकडे नसायचं. वरची ओळ अजून शाबूत होती. मी हिशेब केला, दुपारी बसलोच नाही तर उरलेलं तरी वाचेल. गुरुवारला दोन दिवस होते.

बुधवारी सुटका आपोआप झाली. अल् खुवैरला सरकारी कचेरीत कागद द्यायचे होते, अंकल मला गाडीतून सोबत घेऊन गेले. दुकानाला कुलूप. निघताना मी कीबोर्डची वायर काढली, वायरीसकट कीबोर्ड कपाटात ठेवला आणि कपाटाची चावी खिशात टाकली.

परत येताना गाडीत मी एकदा धीर केला. "अंकल, दुकानात आणखी कुणी शिकायला होतं का? माझ्या आधी?"

"कोण असणार? सव्वीस वर्षांत तू पहिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐक ना केयूर. उद्या फक्त हात ठेवायचे. बाकी हात करतात. तू मधे यायचं नाही."

साडेचारला पोचलो. हुसैनमियाँ लाँड्रीच्या दारात कपडे मोजत उभे होते.

"क्या स्पीड है रे तेरी," ते म्हणाले. "दो बजे से चालू, आज तो साँस भी नहीं ली. मैं बोला, लौंडा कल पास."

अंकल हसले. "मियाँ, दुकान बंद था. हम दोनों अल् खुवैर में थे."

"तो मेरे कान में चूहे बैठे होंगे," म्हणत हुसैनमियाँ आत गेले.

कपाटाला कुलूप होतं. कीबोर्ड आत होता, मी ठेवला तसाच, वायर गुंडाळलेली. मी बटणांवर तळवा ठेवला. एसी दिवसभर बंद असल्यामुळे कपाटाचा पत्रा तापला होता, आतल्या फायली तापल्या होत्या. कीबोर्ड गार होता.

६

गुरुवारी दुपारी एकला नबील आले. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, अत्तराचा वास. त्यांनी दाराजवळ स्टूल घेतलं आणि फोनवर एक पत्र उघडलं. फोनचा उजेड त्यांच्या दाढीपलीकडे येत नव्हता. अंकलनी शटर पाडलं, दिवे बंद केले.

"यल्ला, शुरू करो," नबील म्हणाले.

मी एफ आणि जे शोधले. उंचवटे लागले. बाकी काही नव्हतं. तीन ओळींची बटणं असतात हे माहीत होतं, बोटांना मात्र नुसती फळी लागत होती.

"टू द मॅनेजर," नबीलनी वाचायला सुरुवात केली.

मी एक बटण दाबलं. कुठलं ते माहीत नाही. मी पुन्हा आठवीच्या वर्गात उभा होतो. पुढचे शब्द वाचले गेले, त्याच्या पुढचेही. मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. आता तोंड उघडून म्हणायचं होतं, मला येत नाही. तेवढंच. दिवा लागला असता, तीस तारखेला मी विमानात बसलो असतो, वाडीत पोस्टमन आल्यावर आत गेलो असतो.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खोडायचं बटण वाजलं, एकदा. माझी चूक खोडली गेली. आणि टायपिंग सुरू झालं.

त्याचा हात आता कच्चा नव्हता. करंगळीचा आवाजसुद्धा पक्का येत होता. नबील वाचत होते, शब्द संपायच्या आत तो उमटत होता. नबीलनी मुद्दाम वेग वाढवला. तिकडचा वेगही वाढला. मी खुर्चीवर बसलो होतो, माझे हात माझ्या मांडीवर होते, आणि माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर ते चाललं होतं. मला अजून बोलता आलं असतं. प्रत्येक ओळीला मला वाटलं, या ओळीनंतर बोलू.

अंकलची पावलं माझ्यामागे आली. शिकवताना ते असेच मागून वाकायचे आणि मनगटं तपासायचे. त्यांचा श्वास माझ्या कानाजवळ आला. त्यांचे हात माझ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे गेले.

टायपिंग थांबलं नाही.

"मनगट वर," अंकल हळूच म्हणाले. "हां. असं. शाबास." मग म्हणाले, "हात किती गार पडलेत रे तुझे."

मी माझी बोटं मांडीत रोवून बसलो होतो. ती घामाने भिजली होती.

"खलास," नबील म्हणाले. "मुमताज, बहुत बढ़िया. बेसिल से भी फास्ट. लाइट करो."

अंकलची पावलं भिंतीकडे निघाली. बटणापर्यंत पाच पावलं आहेत, मी रोज मोजलेली. टायपिंग थांबलं होतं, पण ते उठलं नव्हतं. ते कुठे गेलं तर मला कळलं असतं, इतकी आता आमची ओळख होती. दिवा लागल्यावर माझे हात कीबोर्डवर दिसायला हवे होते.

दोन पावलं झाली. तीन.

मी हात उचलले आणि पुढे ठेवले. ते बाजूला झालं नाही. विहिरीच्या पाण्यात हात जावेत तसे माझे हात आत गेले, मनगटापर्यंत, आणि तिथे थांबले.

दिवा लागला.

कीबोर्डवर दोन हात होते. दहा बोटं. मी मोजली.

७

अंकलनी मॉनिटर लावला. सगळं पत्र, एकही चूक नाही. ते माझ्या पाठीवर थापटत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "छब्बीस साल," ते नबीलना म्हणत होते, "छब्बीस साल में एक ही सिखाया, पर देखो." नबीलनी माझा हात हातात घेऊन हलवला. मला ते दिसलं. जाणवलं नाही.

मग त्यांनी बॅगेतून कागद काढला. टायपिस्टच्या नोकरीचा करार, माझं नाव आधीच भरलेलं. ते आधीपासून मला ठेवणारच होते की काय, कोण जाणे.

"इधर साइन."

अंकलनी आपलं पेन दिलं. माझा उजवा हात पुढे गेला आणि पेनावर पडला. बोटं पेनाभोवती वळेनात. ती पेनाच्या वरच्या बाजूला टेकली, चारही सरळ रेषेत, आणि एकेक करून खाली दाबू लागली. पेन घरंगळत टेबलाखाली गेलं.

अंकल मोठ्याने हसले. "अर्बाब, बहुत घबराया. देखो ना, हाथ कैसा काँपता है." हात थरथरत नव्हते.

पेन पुन्हा दिलं, पुन्हा तेच झालं. नबीलनी घड्याळात बघितलं. त्यांना घरी जेवायला जायचं होतं. "कोई बात नहीं. अंगूठा लगाओ."

अंकलनी शाईचा पॅड उघडला, माझा अंगठा स्वतःच्या हाताने धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. मी तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते खूश होते. कागदाकडे त्यांनी नीट बघितलं नाही. नबीलनीही नाही, त्यांनी फुंकर मारून तो फायलीत ठेवला.

मी बघितला. निळा, लांबट, अंगठ्याएवढा ठिपका होता. आतून पूर्ण भरलेला. त्यात एकही रेघ नव्हती.

"मबरूक, मुबारक हो," नबील जाता जाता म्हणाले. "संडे को नया कार्ड बनेगा. सुबह आठ बजे ऑफिस, दसों उंगली का प्रिंट देना है. बेसिल लेके जाएगा."

आज शुक्रवार आहे. हात साबणाने धुतले, चुन्याने घासले, उन्हात धरून बघितले, एकाही बोटावर रेघ नाही. यशश्रीला सांगितलंय की नोकरी लागली. तिने वाडीत पेढे वाटले. रविवारी सकाळी सात वाजता अंकल मला घ्यायला येणार आहेत.